लांब सोंडेची गोमाशी

श्रावणात हिमालयाच्या दक्षिण उतारांवर ढग अगदी खाली उतरलेले असतात. पायवाटेच्या कडेला, ओल्या गवतात, आल्याच्या कुळातली एक वीत-दीड वीत उंचीची वनस्पती फुललेली दिसते. रॉस्कोइया पर्प्युरिया हे तिचे शास्त्रीय नाव. फुले जांभळी, फुलाची नळी लांब आणि मकरंद नळीत खोलवर. या फुलांसमोर कधी कधी एक माशी हवेत जागच्या जागी तरंगत असते. अंगाने जाडजूड, उडताना मोठा गुणगुणाट. तिच्या तोंडातून पुढे आलेली सोंड मात्र तिच्या अख्ख्या अंगाहून लांब असते.

अशी माशी पाहिली की नजर त्या सोंडेवरच खिळते आणि पुढचे सगळे अंदाज सोंडेवरूनच बांधले जातात. कोणी म्हणते हमिंगबर्ड, पण तो पक्षी भारतीय उपखंडात आढळतच नाही. कोणी म्हणते दिवसा उडणारा हॉक मॉथ, म्हणजे एक पतंग. कोणी म्हणते मधमाशीचाच एखादा प्रकार. ती प्रत्यक्षात गोमाशी आहे, गोठ्यात गुरांना चावून रक्तबंबाळ करणाऱ्या गोमाशीच्या कुळातली. हे सोंडेवरून कधीच ओळखता आले नसते. ज्या अवयवांकडे सहसा कोणाचे लक्षही जात नाही, त्यांनी ही ओळख पटवली. या प्रकरणात मला मुख्यतः त्या अवयवांबद्दलच सांगायचे आहे.

सुरुवात पंखांपासून करावी. पतंगाला पंखांच्या दोन जोड्या आणि त्यांवर खवले असतात, शिवाय सोंड वापरात नसली की तो ती गुंडाळून ठेवतो. मधमाशीलाही चार पंख. आपल्या माशीला पंख दोनच, पारदर्शक, आणि सोंड गुंडाळता न येणारी. म्हणजे ती डिप्टेरा या द्विपंखी गणातली, खरीखुरी माशी. इथपर्यंत कोणीही पोहोचेल. अडचण पुढे येते, कारण फुलाच्या नळीत सोंड घालून मकरंद पिण्याची सोय द्विपंखी माश्यांच्या निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे विकसित झाली आहे. त्यातली तीन कुळे इथे महत्त्वाची. बॉम्बिलिडी म्हणजे केसाळ, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या माश्या. नेमेस्ट्रिनिडी हे फारसे कोणाला ठाऊक नसलेले कुळ, ज्यातल्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीची सोंड तिच्या अंगाच्या कित्येक पट लांब असते. आणि तिसरे टॅबॅनिडी, म्हणजे गोमाश्यांचे कुळ. लांब नळीची फुले मिळाली की नैसर्गिक निवडीने तिन्ही ठिकाणी सोंडा लांबवल्या. त्यामुळे लांब सोंड ही माशी काय खाते एवढेच सांगते, ती कोणाच्या घरातली हे सांगत नाही.

घर कळले तर मात्र तिचे अख्खे आयुष्य कळते. बॉम्बिलिडीच्या पुष्कळ जातींच्या अळ्या एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या घरट्यांत शिरून त्यांची पिल्ले खातात. नेमेस्ट्रिनिडीच्या अळ्या टोळांच्या किंवा भुंगेऱ्यांच्या शरीरात वाढतात. गोमाश्यांच्या अळ्या बहुतेक ओल्या मातीत आणि चिखलात राहून गांडुळे व इतर किड्यांच्या अळ्या फस्त करतात, आणि त्यांच्या माद्या मोठ्या प्राण्यांचे रक्त पितात. फुलावर तिन्ही माश्या एकच काम करताना दिसतात, पण त्यांच्या बालपणांत आणि घराण्यांत काडीचेही साम्य नाही.

तीन कुळांतला फरक पंखांच्या शिरांत आणि पायांच्या टोकांत सापडतो. गोमाशीच्या पंखाच्या मधोमध सहा बाजूंचा एक लांबट कप्पा असतो. पंखाच्या टोकाकडे जाणारी एक शीर दुभंगते आणि तिच्या दोन फांद्या अशा फाकतात की पंखाचे टोक नेमके त्यांच्या बेचक्यात येते. ही बेचकी एकदा डोळ्यांत बसली की गोमाशीचा पंख नुसता मिळाला तरी ओळखता येतो. नेमेस्ट्रिनिडीच्या पंखात अनेक शिरा एकमेकींना जोडून एक तिरपी रेघ बनवतात, ती गोमाशीत नसते. पाऊल भिंगाखाली पाहिले तर गोमाशीच्या नखांखाली तीन गाद्या दिसतात, बॉम्बिलिडीच्या माशीला बहुधा दोनच. पंखाच्या बुडाशी मोठी ठळक झालर असते, तीही गोमाशीची खूण आहे. या सगळ्या खुणा जुळल्या की माशी टॅबॅनिडी कुळातली आहे याबद्दल शंका उरत नाही, मग तिची सोंड कितीही लांब असो.

पुढचा प्रश्न, या कुळातली नेमकी कोणती? जगात गोमाश्यांच्या चार हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात दोनशेहून अधिक. त्यांची मुख्य उपकुळे तीन, आणि ती ओळखण्यासाठी डोक्यावरच्या शृंगिका आणि मागचे पाय पाहावे लागतात. शृंगिकेचे तीन भाग असतात. पहिले दोन आखूड, तिसरा लांब आणि टोकाकडे कड्या-कड्यांचा. टॅबॅनस प्रजातीत या तिसऱ्या भागाच्या बुडाशी एक रुंद पट्टी असते, पट्टीच्या वरच्या कडेला एक दात असतो आणि पुढे चार लहान कडी असतात. हीमॅटोपोटामध्ये पुढे तीनच कडी. आपल्या लांब सोंडेच्या माशीत दात नाही, आणि तिसरा भाग सात-आठ कड्यांचा बनलेला. ही जुनी ठेवण पँगोनिइनी या उपकुळाची. मागच्या पायाच्या पोटरीच्या टोकाशी दोन काटे दिसले की त्याला दुजोरा मिळतो, कारण टॅबॅनसच्या उपकुळात हे काटे नसतात. त्यानंतर पंखाकडे परत यायचे. टोकाजवळचा एक कप्पा, जो बहुतेक गोमाश्यांत कडेला उघडा राहतो, तो या माशीत कडेपर्यंत पोहोचण्याआधीच मिटलेला असतो. आता नाव देता येते, फिलोलिकी. ही प्रजाती मुख्यतः आफ्रिकेतली. तिच्या गोतातली एक जात हिमालयात राहते, ती फिलोलिकी लाँजिरॉस्ट्रिस.

तिचे पहिले वर्णन १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लिहिणारे मेजर जनरल थॉमस हार्डविक हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातले अधिकारी. रेड पांडाची माहिती लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे १८२१ मध्ये मांडणारे तेच. हिंदुस्थानी चित्रकारांकडून त्यांनी हजारो प्राण्यांची चित्रे काढून घेतली होती. ते चित्रकार बहुतेक अनामच राहिले, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यांच्या कुंचल्याने टिपलेल्या बारकाव्यांवर पुढे पुष्कळ शास्त्रीय वर्णने उभी राहिली. नेपाळहून आलेल्या काही कीटकांचे वर्णन करताना हार्डविक यांनी ही माशीही नोंदवली. त्या वेळी लांब सोंडेच्या गोमाश्या पँगोनिया या एकाच प्रजातीत घातल्या जात, म्हणून तिचेही पहिले नाव तेच. शृंगिकांची कडी आणि पंखांचे कप्पे नीट तपासले गेल्यावर ती आफ्रिकेतल्या नातलगांशेजारी जाऊन बसली. सोंड दोन्ही वेळा तेवढीच लांब होती, पण तिची जागा ठरवली ती इतर अवयवांनी.

आपल्याकडच्या रानात, म्हणजे सह्याद्रीत किंवा विदर्भाच्या जंगलांत, ज्या गोमाश्या भेटतात त्या ओळखायलाही हीच पद्धत लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि ओसरत्या पावसात त्या जास्त असतात. जंगलाच्या कडेला गाडी उभी केली की बॉनेटवर आणि टपावर मोठ्या माश्या येऊन आपटतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. गडद, चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका ठरावीक दिशेने ध्रुवित झालेला असतो, पाण्यावरूनही तसाच प्रकाश येतो, आणि गोमाश्या पाणी व जनावर दोन्ही शोधताना या ध्रुवित प्रकाशाचा माग काढतात. हंगेरीतले भौतिकशास्त्रज्ञ गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरेच प्रयोग केले. गडद रंगाच्या घोड्यांना पांढऱ्या घोड्यांपेक्षा गोमाश्या जास्त सतावतात, त्याचेही कारण त्यांना यातच सापडले.

टपावर बसलेली ती मोठी, तपकिरी किंवा करडी, स्वच्छ पंखांची माशी बहुधा टॅबॅनस असते. हातावर आवाज न करता येऊन बसणारी, करड्या पंखांवर पांढरट नक्षी असलेली आणि पंख घराच्या पाख्यासारखे उतरते मिटणारी ती हीमॅटोपोटा. डोक्याभोवती घिरट्या घालणारी, पंखांवर गडद पट्टा असलेली आणि बसल्यावर पंख अर्धवट उघडे ठेवणारी ती क्रायसॉप्स. तिच्या शृंगिका इतर दोघींपेक्षा लांब आणि सडपातळ असतात, आणि माथ्यावर तीन साधे डोळेही असतात. या तीन प्रजाती वेगळ्या काढता आल्या की रानात भेटणाऱ्या बहुतेक गोमाश्या कोणत्या गटातल्या हे सांगता येते. त्यात न बसणारी माशी दिसली की थांबून नीट पाहावे. अनोखी जात हाती लागण्याची शक्यता तिथेच असते.

नीट पाहायचे म्हणजे समोरून पाहायचे. गोमाशीचे डोळे या कुळातली सर्वांत देखणी गोष्ट. जिवंतपणी ते हिरवे, तांबूस, जांभळे चमकतात. टॅबॅनसच्या अनेक जातींत त्यांवर आडवे पट्टे, क्रायसॉप्समध्ये ठिपके, हीमॅटोपोटामध्ये नागमोडी रेघा. हे रंग रंगद्रव्याचे नसतात. डोळ्याच्या प्रत्येक लहान भिंगावर अतिशय पातळ थरांची चळत असते, आणि त्या थरांतून परत फिरणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून हे रंग उमटवतात. माशी मेली की थर वाळतात, त्यांच्यातले अंतर बदलते आणि काही तासांत किंवा दिवसांत डोळे एकसारखे काळपट होतात. संग्रहालयातल्या शंभर वर्षांच्या माशीच्या डोळ्यांवर पट्टे होते की नव्हते, हे नुसते बघून कळत नाही. तज्ज्ञ मग तो नमुना काही काळ दमट डबीत ठेवतात. ओल शोषून थर फुगतात आणि पुष्कळदा पट्टे पुन्हा उमटतात. वाळल्यावर ते परत जातात, पण तेवढ्या वेळात मोजता येतात. जिवंत माशीचा समोरून काढलेला एक स्पष्ट फोटो किती मोलाचा, हे यावरून कळावे. फोनच्या कॅमेऱ्याने ते काम आता खेड्यातल्या शाळकरी मुलालाही जमते, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

दोन डोळ्यांच्या मधली जागाही तेवढीच महत्त्वाची. नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. या फटीची उंची तिच्या रुंदीच्या किती पट आहे आणि तिच्यात चकचकीत, बिनकेसाची गाठ कोणत्या आकाराची आहे, यांवर टॅबॅनसच्या जातीच्या जाती वेगळ्या होतात. एकीत गाठ चौकोनी, तर दुसरीत लांबट, वरच्या टोकाला बारीक रेघेसारखी पुढे गेलेली. अंगावरची पांढरी पट्टी किंवा पोटावरचे त्रिकोण केस झडले की पुसट होतात, पावसात भिजले की दिसेनासे होतात. गाठ मात्र टिकते. नवख्याला ती किरकोळ वाटते, पण तज्ज्ञ सर्वांत आधी तिच्याकडेच पाहतो.

भारतातल्या गोमाश्यांची अशी पद्धतशीर छाननी करणाऱ्यांत गर्ट्रूड रिकार्डो यांचे नाव आदराने घ्यावे लागते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात १९११ मध्ये त्यांनी पूर्वेकडच्या देशांतील गोमाश्यांवर विस्तृत लेखन केले, आणि त्यातल्या अनेक जातींची पहिली वर्णने त्यांचीच आहेत. स्त्रियांना विद्यापीठांचे दरवाजे जेमतेम किलकिले झाले होते, त्या काळात या बाईंनी ब्रिटिश म्युझियममध्ये टाचण्यांवर टोचलेल्या हजारो माश्यांच्या कपाळावरच्या गाठी पाहिल्या. त्यांच्या वर्णनांकडे आजही जावे लागते. त्यात एक उणीव मात्र आहे, आणि ती अख्ख्या कुळाच्या अभ्यासात आहे. ओळखीचे तक्ते बहुतेक माद्यांवरून बांधलेले आहेत. माद्या रक्तासाठी माणसाकडे आणि गुरांकडे येतात, म्हणून पकडल्या जातात. नर चावत नाहीत, त्यांना रक्त पिण्यासाठी लागणारी पातीच नसतात. ते फुलांवर आणि झाडांच्या शेंड्यांजवळ असतात. त्यामुळे कित्येक जातींचा नर कोणी पाहिलेलाच नाही. रानात डोळे भिडलेली गोमाशी दिसली, तर ती नोंद अधिकच काळजीने ठेवावी.

माश्या पकडण्याच्या साधनांनीही ही तफावत वाढवली. एका सापळ्यात तंबूच्या आकाराच्या कापडाखाली काळा, चकचकीत गोळा टांगतात. उन्हात तो तापतो, माद्यांना जनावर वाटतो, त्या येतात आणि वरच्या डबीत अडकतात. नर येत नाहीत. दुसरा सापळा स्वीडनच्या रेने मलेज यांनी ब्रह्मदेशाच्या मोहिमेत वापरून पाहिला आणि १९३७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात काळ्या जाळीची भिंत उभी असते, वाटेत आडवी आलेली कोणतीही माशी प्रकाशाकडे वर चढते आणि बाटलीत पडते. यात नरही सापडतात. आपल्याकडे संरक्षित जंगलात असे काही लावायचे तर वनखात्याची परवानगी लागते, ती घेऊनच करावे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. गोळा केलेला नमुना एखाद्याच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा अशा संग्रहात गेला, तर शंभर वर्षांनीही कोणीतरी तो काढून पाहील. अट एवढीच की त्याच्यासोबतच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, उंची आणि माशी कशावर बसली होती हे लिहिलेले असावे. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही दुर्मीळ असला तरी शास्त्राच्या फारसा उपयोगी पडत नाही.

चिठ्ठी असेल तर काय घडू शकते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. ईशान्य क्वीन्सलँडच्या अ‍ॅथर्टन पठारावर १९८१ मध्ये एक गोमाशी पकडली गेली. पोटाच्या टोकावर दाट सोनेरी केस, कोणाचेही लक्ष वेधतील असे. तरीही तिला नाव मिळायला तीस वर्षे लागली. कॅनबेराच्या राष्ट्रीय कीटक संग्रहात काम करणारे ब्रायन लेसार्ड यांनी २०११ मध्ये तिचे वर्णन केले आणि १९८१ मध्येच जन्मलेल्या गायिकेच्या नावावरून तिला बियॉन्से हे नाव दिले. ती आता प्लिन्थिना बियॉन्सी म्हणून ओळखली जाते. बातम्या नावाच्या आल्या, जगभर आल्या, आणि त्यामुळे गोमाशी हा विषय लाखो लोकांच्या कानांवर गेला, हे चांगलेच झाले. मला मात्र त्या नावाआधीच्या कामाचे जास्त मोल वाटते. सोनेरी पोट पाहून ही वेगळी आहे असे कोणीही म्हटले असते. ती नवी आहे असे म्हणायला मात्र त्या गटातल्या इतर सर्व ज्ञात जाती शेजारी ठेवून शृंगिका, कपाळ आणि पंख ताडून पाहावे लागतात. गंमत अशी की ही माशीही पँगोनिइनी उपकुळातली, म्हणजे आपल्या हिमालयातल्या माशीची लांबची नातलग. तिच्या गटातल्या ऑस्ट्रेलियन माश्याही निलगिरीसारख्या झाडांचा मकरंद पितात.

एवढ्या बारकाईची गरज काय, असे वाचकांना वाटू शकते. गोठ्यात त्याचे उत्तर सापडते. गोमाशीची मादी रक्त शोषण्याआधी कातडी कापते. तिच्या तोंडात सहा पाती असतात, त्यांतली काही कात्रीसारखी चालतात. जखमेत रक्त साचले की ती ते टिपून घेते. हा चावा डासाच्या चाव्यापेक्षा कितीतरी वेदनादायक असतो, म्हणून गाय शेपूट मारते, घोडा अंग थरथरवतो, माशी उडते आणि शेजारच्या जनावरावर बसून अर्धवट राहिलेले जेवण पुरे करते. तिच्या तोंडाला लागलेले आधीच्या जनावराचे रक्त दुसऱ्याच्या जखमेत जाते. सर्रा हा रोग असाच पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने १८८० मध्ये पंजाबात, डेरा इस्माइल खान इथे, आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सर्ऱ्याचा परजीवी पाहिला. त्यांच्याच नावावरून तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी झाला. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये गोमाश्या हा परजीवी एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेतात यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. परजीवी माशीच्या शरीरात वाढत नाही, तोंडावरच्या ओल्या रक्तात थोडाच वेळ जगतो. म्हणून कोणती जात किती वेळा उडते, किती जनावरांवर बसते, कोणत्या महिन्यात असते, यांवर रोगाचा फैलाव ठरतो, आणि हे सगळे जातीनुसार बदलते. आफ्रिकेत क्रायसॉप्सच्या काही जाती माणसाच्या अंगात लोआ लोआ हा जंत सोडतात. तिथे तर परजीवी माशीतच वाढतो, म्हणून प्रजाती चुकली तर सगळाच अंदाज चुकतो.

सर्रा हा जनावरांचा रोग, माणसाला तो होत नाही, अशी समजूत बरीच वर्षे होती. मग चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी आला, ज्याला महिनोन्‌महिने ताप येत-जात होता आणि रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी दिसत होता. माणसातला हा पहिला सिद्ध रुग्ण म्हणून २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरामिन या औषधाने त्याच्यावर उपचार झाले. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असते, जे या परजीवींना मारते. या शेतकऱ्याच्या जनुकांत दोष असल्याने ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते, हे २००६ मध्ये उघड झाले. बाकी सगळ्यांना ज्या गोष्टीचे संरक्षण आहे, ती काय आहे हे एका माणसाच्या आजारातून कळले.

आता पुन्हा हिमालयाकडे. फिलोलिकी लाँजिरॉस्ट्रिसला नाव मिळाले १८२३ मध्ये, पण फुलावर ती नेमके काय करते, याचा काटेकोर अभ्यास व्हायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे गेली. बाबू राम पौडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये रॉस्कोइया पर्प्युरियाच्या फुलांवर पाळत ठेवली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना या फुलांचे परागीभवन करणारा कीटक एकच आढळला, ही गोमाशी. फुलांना बी धरायला तिची गरज होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला फिलोलिकीच्या इतर जाती आणि लांब नळीची फुले यांचे असेच नाते पूर्वीपासून माहीत होते. तसेच नाते हिमालयात सापडले, म्हणून अभ्यासकांना इतका आनंद झाला. आणि ही वनस्पती आपल्याला परकी नाही. आयुर्वेदाच्या अष्टवर्गातली काकोली म्हणून हीच ओळखली जाते, च्यवनप्राशाच्या पाठात तिचे नाव येते. तिचे कंद जंगलातून खणून काढले जातात. फुलांची संख्या घटली, तर या माशीला मकरंदाचा तुटवडा होतो, आणि माशी कमी झाली की बी धरणे कमी होते.

एक प्रश्न उरतो. एवढी लांब सोंड घेऊन मादी रक्त कसे पिणार? कातडी कापायला ती फारच लांब आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या फिलोलिकीच्या दोन जातींच्या सोंडेची रचना तपासून २०१४ मध्ये याचे उत्तर मिळाले. मकरंद ओढणारी नळी लांब वाढली आहे, पण कापणारी पाती मात्र बुडाशी आखूडच राहिली आहेत. एकाच तोंडात दोन हत्यारे, दोन वेगळ्या कामांसाठी. म्हणून जांभळ्या फुलासमोर तरंगणारी माशी दिसली, तर फोटो समोरून घ्यावा आणि तिचे डोळे भिडलेले आहेत की त्यांच्यात फट आहे हे पाहावे. डोळे भिडलेले असतील तर तो नर, त्याला फक्त मकरंद हवा. फट असेल तर मादी, जिच्या तोंडात कापणारी पातीही असणार. अशा वेळी चिठ्ठीवर फुलाचे नाव लिहावे, आणि आसपासच्या उतारावर कोणती गुरे, खेचरे किंवा रानटी जनावरे चरत होती, तेही लिहून ठेवावे.